सर्जेरावांचं साहित्यिक मरण

कथास्पर्धेत भाग घेणं तब्येतीला अपायकारक असतं, हे मला एकाही डॉक्टरानं वेळेवर सांगितलं नाही. साखर कमी करा, जिने चढू नका, मीठ वरून घेऊ नका, एवढंच सांगत राहिले. शहागंजच्या मागच्या अंगाला आमचं जुनं वाचनालय आहे. तिथल्या फळ्याजवळ जाऊ नका, असं कुणी म्हणालं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी गेलो, आणि फळा वाचला.

फळ्यावर लिहिलं होतं : कथास्पर्धा. बालगट – विषय : माझी मामी. प्रौढ गट – विषय : शेजार. शब्दमर्यादा दोन हजार. पहिल्या क्रमांकाची कथा लेखक स्वतः समारंभात वाचून दाखवील. प्रौढ गट म्हणजे अठरा वर्षांपासून पुढे कितीही. थोडक्यात, ज्यांच्याकडून घरच्यांना आता विशेष काही अपेक्षा उरलेली नाही असे सगळे.

घरी येऊन दमयंतीला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "विषय काय?"

"शेजार."

"मग लांब कुठं जाता? भिंतीला कान लावा आणि लिहा."

आमच्या भिंतीपलीकडे सर्जेराव राहतात. शेती फर्दापूरच्या अलीकडे, मुलगा वाळूजला कंपनीत, आणि स्वतः ते आमच्या उरावर. माणूस उंचापुरा, आवाज खणखणीत, वागणं दिलदार. पण आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी येतं, आणि त्या पाऊण तासापुरता सर्जेरावांच्या दिलदारपणाला खाडा असतो. ते नळाला मोटर लावतात. मोटर कुणाला दिसू नये म्हणून ती पालथ्या पिंपाखाली असते, आणि आवाज कुणाला येऊ नये म्हणून सर्जेराव भजन म्हणतात. नळाला पाणी आलं की भजन सुरू. टाकी भरून वाहायला लागली की देव सुटला. भजनाच्या काळात आमचा नळ एक सुस्कारा टाकतो आणि गप्प बसतो.

हे मी हवेत बोलत नाही. माझी सगळी नोकरी भांडार विभागात झाली. आलेला प्रत्येक खिळा आणि गेलेला प्रत्येक खिळा लिहून ठेवायची सवय हाडात मुरली आहे. गेली तीन वर्षं माझ्याकडे पाण्याची वही आहे. तारीख, पाणी आल्याची वेळ, गेल्याची वेळ, दाब, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात तीन वर्षांत एकशे एकवीस वेळा 'भजन' असं आलेलं आहे. इतकी सामग्री हाताशी असलेला लेखक या मराठवाड्यात दुसरा नसेल, असं मला तेव्हा वाटलं. लेखनाला नम्रतेनं सुरुवात करावी म्हणतात. माझी सुरुवात जरा वरच्या मजल्यावरून झाली.

दोन संध्याकाळींत अर्धी कथा झाली. नायकाचं नाव गुलाबराव ठेवलं. बाकी मोटर, पिंप, भजन, सगळं जिथल्या तिथं. मग मी एक चूक केली. चौथ्या घरातल्या काकासाहेबांचा सल्ला घेतला.

काकासाहेबांना मागच्या वर्षी याच स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. ते प्रमाणपत्र त्यांनी बैठकीच्या खोलीत अशा जागी टांगलंय की पाहुण्याला पाणी प्यायचं तर आधी ते वाचावं लागतं. त्यांनी माझी पानं वाचली, चष्मा काढला, पुसला, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तशा आवाजात म्हणाले, "व्यंकटराव, यात कुणी मरत नाही."

"पाण्याची कथा आहे हो."

"असू द्या. प्रौढ गट आहे. प्रौढ गटात मरण लागतं. मी मागच्या वर्षी नायक फक्त आजारी पाडला, म्हणून उत्तेजनार्थवर राहिलो. मारला असता तर दुसरा क्रमांक कुठं गेला नव्हता."

"पण मारू कुणाला?"

"जो सगळ्यांत जास्त बोलतो त्याला. वाचकाला बरं वाटतं."

रात्रभर मी याचा विचार केला आणि सकाळी गुलाबरावांना मारलं. ओल्या हातानं मोटरची वायर धरली, भजन अर्ध्या ओळीवर थांबलं, आणि पिंपावर पाणी सांडत राहिलं. स्वतःच लिहिलेलं, पण वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आठवड्यात आमच्या घरात आलेलं तेवढंच पाणी.

दमयंतीनं कथा वाचली. कागद सारखे केले आणि म्हणाली, "चांगली झालीये. म्हणूनच म्हणते, देऊ नका."

बायकोनं आपल्या लिखाणाला चांगलं म्हटलं, याचाच मला इतका धक्का बसला की पुढचं वाक्य ऐकूच आलं नाही.

मग नियम. तीन प्रती, कागदाच्या एकाच बाजूला. कथेवर टोपणनाव, खरं नाव वेगळ्या बंद पाकिटात. टोपणनाव मी 'तटस्थ' घेतलं. झेरॉक्सच्या दुकानातला इसम नियम ऐकून कळवळला. "क्या चाचा, इत्ता कोरा कागद छोड रए? दूसरी बाजू में भी एक कहानी आ जाती." मी त्याला साहित्याची शिस्त समजावली. त्यानं मला मशीनमध्ये कागद कसा अडकतो ते दाखवलं. दोघांचंही समाधान होईपर्यंत शेवटच्या तारखेचे सव्वाचार वाजले. वाचनालय पाचला बंद. पाकीट घ्यायला घरी आलो, आणि स्कूटर सुरू होईना.

मी किक मारतोय, दमयंती खिडकीतून "चोक ओढा, चोक ओढा" म्हणतेय, आणि तेवढ्यात भिंतीवरून सर्जेरावांचं डोकं वर आलं.

"कुठं निघालात व्यंकटराव, इतक्या घाईत?"

"वाचनालयात. कथा द्यायचीय. पाचच्या आत."

"मग किका काय मारत बसलात? बसा माझ्या फटफटीवर."

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण घड्याळात चार तेहतीस झाले होते. बसलो. मांडीवर पाकीट. पाकिटात मेलेले गुलाबराव. आणि तेच गुलाबराव जिवंतपणी पुढे बसून मला वाचनालयात पोचवायला निघालेले. शहागंजात हातगाड्या, रिक्षा, उलट्या दिशेनं येणारी एक म्हैस. सर्जेराव हॉर्न वाजवत ओरडत होते, "सरका, सरका! साहित्याचं काम हाय!" लोक खरोखर सरकत होते. म्हैससुद्धा सरकली.

चौकात गाडी थांबली तेव्हा मान वळवून म्हणाले, "कशावर लिव्हलंय?"

"विषय दिलेला होता. शेजार."

"शेजार?" त्यांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. "म्हंजी माझ्यावर?"

या प्रश्नाला नाही म्हणता आलं असतं. पण त्यांच्याच गाडीवर बसून, त्यांच्याच पेट्रोलवर, तोंडावर खोटं बोलणं जिवावर आलं. म्हणालो, "थोडंसं."

"लई भारी!" असं म्हणून त्यांनी गाडी अशी सोडली की चार अठ्ठेचाळीसला आम्ही वाचनालयात होतो. तिथला कारकून सुदर्शन. त्यानं पाकीट घेतलं, शिक्का मारला, प्रवेशिका क्रमांक सतरा असं लिहिलं. सर्जेरावांनी त्याला सांगितलं, "नीट ठिवा. आमची कथा हाय ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीला कळलं होतं की व्यंकटरावांनी सर्जेरावांवर कथा लिहिली. संध्याकाळी फर्दापूरला कळलं. तिसऱ्या दिवशी वच्छलाबाई, म्हणजे सर्जेरावांच्या मंडळी, भाकरीएवढी वांगी घेऊन दारात उभ्या. "शेतातली हायेत. ह्यांनी दिली. आणि विचारायचं व्हतं, कथेत मी हाय का?"

"आहात ना," मी म्हणालो. हेही खोटं नव्हतं. शेवटच्या पानावर त्यांनी फोडलेला हंबरडा मला चांगलाच साधला होता.

"काय करते मी त्यात?"

"तुम्ही... भावनाप्रधान आहात."

वच्छलाबाई लाजल्या आणि आणखी दोन वांगी ठेवून गेल्या.

तिथून पुढं सर्जेरावांचा चांगुलपणा असा सुटला की आवरेना. स्कूटर स्वतः नेऊन दुरुस्त करून आणली. माझ्या दारातला दिवा बदलला. रोज संध्याकाळी भिंतीशी येऊन स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग सांगायला लागले. विहिरीत पडलेलं वासरू कसं काढलं, सासऱ्याशी तेरा वर्षं अबोला कसा धरला. शेवटी दर वेळी म्हणायचे, "हे बी घालता आलं तर बघा." मी म्हणायचो, कथा दिलीय. ते म्हणायचे, "मग दुसऱ्या भागात."

आणि मग पाण्याचा दिवस आला. मी वही उघडून, घड्याळ समोर ठेवून भजनाची वाट पाहत बसलो. भजन नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नळ असा धो-धो सुटला की दमयंती घाबरून मागं सरली. तीन वर्षांत पहिल्यांदा आमची टाकी काठोकाठ भरली. भिंतीपलीकडे पाहिलं, तर सर्जेराव बादलीनं पाणी भरत होते. घामानं चिंब.

"मोटर...?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"काढून ठिवली." ते बादली खाली ठेवत म्हणाले. "समारंभात कथा वाचल्यावर लोक बघायला येतील, शेजारी कसा हाय. कथेत एक आन् घरात एक, बरं दिसत नाय. तुमच्या शब्दाला जागायला नको का?"

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'भजन नाही. दाब उत्तम.' खरं सांगतो, इतका वाईट माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नव्हता, आणि हा आमच्याच आरशात राहत होता. कथेला पहिलं बक्षीस मिळालं तर मलाच उभं राहून वाचावी लागणार. समोर सर्जेराव. मी त्यांना चोर ठरवणार, ढोंगी ठरवणार आणि शेवटच्या पानावर शॉक देऊन मारणार. शेजार कायमचा संपला.

"मी म्हटलं नव्हतं?" दमयंती म्हणाली.

"तू कधी म्हणालीस?"

तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं जे जे म्हटलं आणि मी ऐकलं नाही, त्याची वही तिच्याही डोक्यात आहे. तिच्या वहीला रकाने नाहीत, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी दारात उभा राहिलो. सुदर्शनला म्हणालो, "मला कथा परत हवीय."

"प्रवेशिका परत मिळत नाही. नियम."

"पण माझीच आहे."

"तुमची आहे हे कशावरून? वर तर टोपणनाव असतं."

"अहो, 'तटस्थ' ते मीच. सतरा नंबर."

सुदर्शननं खुर्ची मागं सारली. "झालं. तुम्ही मला टोपणनाव सांगितलंत. गुप्ततेचा भंग झाला."

मला आनंद झाला. "मग बाद करा की!"

"बाद करायला समितीचा ठराव लागतो."

"समिती कधी बसते?"

"समारंभाच्या दिवशी. निकालानंतर."

"मग तोवर काय?"

"तोवर तुम्ही मला काही सांगितलं नाही, आणि मी काही ऐकलं नाही. अशानं गुप्तता टिकते."

मी विनवण्या केल्या. माणुसकीचा हवाला दिला. सुदर्शन म्हणाला, माणुसकीसाठी वेगळा अर्ज नसतो; तक्रार असेल तर लेखी द्या, ती परीक्षकांपुढं ठेवता येईल. परीक्षक होत्या तनुजा मॅडम. कॉलेजात मराठी शिकवतात, आणि मुलं त्यांच्या तासाला खोकतसुद्धा नाहीत, असा लौकिक.

लेखी तक्रार! कुलपालाच किल्ली लटकलेली होती. घरी आलो, दार लावलं आणि डाव्या हातानं निनावी पत्र लिहायला घेतलं. 'तटस्थ यांची कथा क्रमांक सतरा अत्यंत सुमार आहे.' इथवर ठीक. मग वाटलं, 'अत्यंत' जरा जास्त होतं. खोडलं. 'सुमार'सुद्धा भाषेच्या बाबतीत खरं नव्हतं. म्हणून लिहिलं, 'भाषा प्रवाही आणि निरीक्षण अचूक असलं तरी.' तरीच्या पुढे काय लिहावं सुचेना. शेवटचा प्रसंग भडक आहे असं लिहिलं, पण तो काकासाहेबांच्या सांगण्यावरून घातला असल्यानं त्यात लेखकाचा दोष नाही, हेही नोंदवणं न्यायाचं वाटलं. अर्ध्या तासानं पत्र पूर्ण झालं तेव्हा त्यात बक्षीस देऊ नये ही विनंती एका ओळीत आणि बक्षीस का द्यावं ही कारणं दीड पानात आली होती. पुन्हा लिहायचं त्राण नव्हतं. डावा हात दुखत होता. तसंच नेऊन टाकलं वाचनालयाच्या तक्रारपेटीत.

समारंभाचा दिवस उजाडला. सर्जेराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, फर्दापूरची तेरा माणसं जीपमध्ये भरून हजर. पहिल्या दोन रांगा त्यांनीच धरल्या. मधोमध एक खुर्ची रुमाल टाकून राखलेली. ती माझी. माझ्या डाव्या हाताला सर्जेराव, उजव्या हाताला दमयंती, मागं काकासाहेब. पळायचं म्हटलं तरी वाट नव्हती.

फर्दापूरच्या माणसांत आत्याबाई म्हणून एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी मागून माझ्या पाठीवर हात फिरवला. "आमच्या सर्जेरावाचं नाव काढलं बाबा तुम्ही."

मी देवाला एकच मागत होतो : बक्षीस नको. पहिलं नको, दुसरं नको, उत्तेजनार्थसुद्धा नको. साहित्याच्या इतिहासात इतकी निःस्वार्थ प्रार्थना झाली नसेल.

आणि देवानं ऐकलं. तिसरा क्रमांक वाळूजच्या एका कामगाराला. दुसरा एका शिक्षिकेला. पहिला एका निवृत्त पोस्टमनला. उत्तेजनार्थ दोन, दोन्ही अनोळखी. सतरा नंबरचं नावच नाही. माझा जीव इतका हलका झाला की खुर्चीला धरून बसावं लागलं.

सर्जेरावांचा चेहरा पडला. कानाशी येऊन म्हणाले, "पार्शलिटी हाय."

"जाऊ द्या हो," मी उदारपणे म्हणालो.

इथं जर समारंभ संपला असता! पण पोस्टमनची कथा वाचून झाली तरी परीक्षकांचं मनोगत राहिलं होतं. तनुजा मॅडम उभ्या राहिल्या. चांगल्या कथा का चांगल्या ते सांगितलं. मग म्हणाल्या, "काही कथा का फसतात, याचंही एक उदाहरण देते. 'तटस्थ' या टोपणनावानं एक कथा आली. सोबत कुणा चाहत्याचं शिफारसपत्रही आलं, अत्यंत गिचमिड अक्षरात. असले प्रकार लेखकांनी टाळावेत."

सभागृहात हशा. मी पण हसलो, दिसायला बरं म्हणून.

"कथेतला शेजारी नळाला मोटर लावतो, आणि आवाज लपवायला भजन म्हणतो. आता मला सांगा, असा माणूस असतो का? हे टेबलाशी बसून रचलेलं आहे. भाषा बरी आहे, पण या लेखकाला निरीक्षण म्हणून नाही. यानं शेजारी कधी पाहिलेलाच नाही."

बाकी काहीही म्हणाल्या असत्या तर मी गिळलं असतं. भाषा वाईट म्हणा, शेवट भडक म्हणा. पण निरीक्षण? एकशे एकवीस नोंदी! मला दमयंतीनं हाताला धरलेलं आठवतंय. तो हात झटकलेला मात्र आठवत नाही. मी उभा होतो, एवढं खरं.

"मॅडम, निरीक्षणाचं बोलू नका! माणूस खरा आहे. मोटर खरी आहे, दीड एचपी. पिंप निळं आहे. भजनाच्या तारखा माझ्याकडे आहेत, लेखी! हे काय, माझ्या शेजारीच बसलेत!"

आणि मी बोट दाखवलं.

मायक्रोफोनची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. तेरा माणसं फर्दापूरची, सगळी सर्जेरावांकडे बघत होती. मला वाटलं, आता हा माणूस उठणार आणि मला उचलणार. सर्जेराव उठले. सदरा खाली ओढला.

"मॅडम," ते म्हणाले, "आमच्या व्यंकटरावांना निरीक्षण नाय असं म्हणू नका. लिव्हलंय ते खरं हाय. मोटर माझी. भजन बी मीच म्हणतो. फकस्त दीडची नाय, एकची हाय."

मॅडमनी चष्मा नीट केला. "पण कथेत तुम्ही शेवटी शॉक लागून मरता."

"मी मरतो?" सर्जेराव माझ्याकडे वळले. इतका वेळ न दुखावलेला तो चेहरा आता दुखावला. "व्यंकटराव? मला मारलं तुम्ही?"

"ते काकासाहेबांनी सांगितलं," मी म्हणालो. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"म्हंजी मी रांडाव?" वच्छलाबाई उठल्या. "आन् मी वांगी दिली!"

"भावनाप्रधान," दमयंती हळूच म्हणाली. कुणाच्या बाजूनं ते कळलं नाही.

सर्जेराव बसले. पुन्हा उठले. मॅडमना म्हणाले, "आनखी एक. ह्यांच्या नळाखाली तीन फुटांचा खड्डा खणलाय ह्यांनी. गल्लीचं समदं पाणी उताराला तिकडं धावावं म्हणून. त्याच्यासाठीच मला मोटर लावावी लागली. तेवढं लिव्हायचं ऱ्हायलं वाटतं."

"तो खड्डा नाही," मी ओरडलो, "ती पायरी आहे!"

"खाली उतरायची पायरी," सर्जेराव म्हणाले, आणि अख्खं सभागृह हसलं.

त्या गोंधळात सुदर्शन कागद घेऊन पुढं आला. त्यानं जाहीर केलं, की स्पर्धा काल्पनिक कथांची होती. लेखकानं आणि पात्रानं दोघांनीही कथा खरी असल्याचं सर्वांसमक्ष मान्य केल्यामुळं समिती क्रमांक सतरा बाद ठरवत आहे. ठराव एकमतानं मंजूर झाला. जी कथा मला काढून घ्यायची होती ती अखेर निघाली. पण इतकी सगळी निघेल असं वाटलं नव्हतं.

बाहेर पडताना आत्याबाई भेटल्या. त्या मात्र खूश होत्या. "भर सभेत नाव निघालं पोराचं. माइकवर." सर्जेराव जीपमध्ये बसून गेले. मागं वळून पाहिलं नाही.

चार दिवस भिंत ही नुसती भिंत होती. डोकं वर येत नव्हतं. मी दोनदा खाकरलो, एकदा कुंड्यांना उगीच पाणी घातलं. पलीकडून काही नाही. दमयंती म्हणाली, "जाऊन माफी मागा." म्हटलं, मागेन, पण सुरुवात कशी करायची? ती म्हणाली, "मागच्या वेळेला सुरुवातीची अडचण आली नव्हती."

पाचव्या दिवशी सकाळी नळ खरखरला. पाणी. मी तयारी करून भिंतीशी गेलो. "सर्जेराव," म्हणालो, "चुकलो."

सर्जेराव अंगणात उभे होते. मोटर उघड्यावर, स्टुलावर. पिंप बाजूला सारलेलं.

"रागावलात ना?"

"व्हतो की. चार दिवस." त्यांनी मान हलवली. "मेलेल्या माणसानं किती रागवावं, त्याला बी काही लिमिट हाय." मग भिंतीवरून डोकावून त्यांनी आमचा खड्डा पाहिला. मघापासून मनात घोळत असावं. म्हणाले, "मी काय म्हणतो. तुमची खोली आन् माझी मोटर. येगयेगळं कशाला? मोटर तुमच्या खड्ड्यात ठिवू. दोन्ही टाक्या एका दमात."

मी तत्त्वाचा माणूस आहे. तत्त्वावर मी पूर्ण अर्धं मिनिट विचार केला. तेवढ्यात दमयंतीनं पाइप आणून दिला.

मोटर खाली उतरवली, पाइप भिंतीवरून टाकला, आणि सर्जेरावांनी बटण दाबलं. काय दाब! तीन वर्षांत असा नाही. आमची टाकी वर चढत होती, पलीकडे त्यांची. वच्छलाबाई तोंड फिरवून का होईना, हसत होत्या.

तेवढ्यात फाटकापाशी काकासाहेब आले. हातात कोरडी बादली. "व्यंकटराव, तुमच्याकडे पाणी आलंय का हो? माझा नळ नुसता फुसफुसतोय."

"छे हो," मी म्हणालो. "थेंब नाही."

"आणि हा घुर्रर्र आवाज कसला?"

"मिक्सर. हिनं शेंगदाण्याची चटणी घातलीय. आज पाहुणे येताहेत जालन्याहून. हिचा मावसभाऊ. त्याला लसूण चालत नाही, म्हणून दोनदा वाटावी लागते."

काकासाहेब बिचारे मान हलवत परत गेले. मी वळलो. भिंतीवर हनुवटी टेकवून सर्जेराव माझ्याकडे बघत होते, फर्दापूरच्या माणसांकडे बघतात तसं, घरचा माणूस असल्यासारखं.

"ह्याला म्हणत्यात काल्पनिक," ते म्हणाले.